रॅप आणि घरची माणसं

मी देऊळगाव राजा तालुक्यातला. रॅप लिहितो, गातो आणि गावातल्या पोट्ट्यांना शिकवतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

१. आधी घरात ऐकवा. माझी पहिली श्रोती आई. सोयाबीन निवडता निवडता ती ऐकते आणि मध्येच थांबवते, "हळू बोल ना बाप्पा, काय म्हणून राह्यला ते समजू तं दे." तिला न कळलेली ओळ मी बदलतोच. पण घरातून निघालेला आवाज लांबही जातो. अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर, म्हणजे 100RBH, याला टीव्हीवर बघितलं तेव्हा आमच्या पोरांना धीर आला. आपल्या बाजूचा माणूस तिथवर जाऊ शकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

२. जोडीदार शोधायला लगेच मुंबई-पुणे गाठू नका, सोबत घरातही मिळते. आमच्याच तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानतात. त्यांच्या एका घरात चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका असे सगळे अभंग रचत होते! चौदाव्या शतकात, देवळाच्या दाराबाहेर उभं राहून. सोयराबाई विटाळाचा प्रश्न थेट देहावर आणते: विटाळाशिवाय कुठला देह जन्मला? कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. बापाची भक्ती आणि मुलाचा राग एकाच घरात नांदले, कुणी कुणाचा आवाज दाबला नाही. आणि प्रत्येकानं शेवटी आपली नाममुद्रा घातली. आम्ही रॅपर कडव्यात आपलं नाव घालतो ते फार मोठ्या परंपरेत बसतं, असं मी मनापासून मानतो. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असं परंपरा सांगते. म्हणजे लिहून घेणारा माणूसही सोबतीचाच.

३. सोबत म्हणजे समोरच्याला त्याच्या भाषेत बोलू देणं. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटात एमसी मवाली मराठीत गातो, तर एमसी तोडफोड गुजरातीत गायचा. २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये त्यांनी मुंबईच्या आरे जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं. जंगल ज्यांचं, आवाजही त्यांचा. तोडफोड २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याची गाणी पोरांना मी मुद्दाम ऐकवतो. अशी सोबत शाहिरीतही दिसते. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेड राजाला गेलात तर शाहिराच्या मागे सूर धरणारे झीलकरी नीट बघा. ओळीचं शेपूट ते उचलतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. रॅपमध्ये मागे उभा राहणारा दोस्त हेच काम करतो. श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवा, मग यमक.

४. स्टुडिओ नाही म्हणून अडू नका. मुंबईच्या रॅपर नेझीनं २०१४ मध्ये 'आफत' या गाण्याचा व्हिडिओ आयपॅडवर केला होता. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगा, पंखा बंद ठेवा, माइक तोंडासमोर न धरता जरा तिरका धरा, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. लाइट जायच्या आत उरका.

५. कागद करा, भाऊ-भाऊ असलात तरी. इंटरनेटवरून घेतलेला बीट बहुधा भाड्याचा असतो. किती वेळा वाजला तर चालेल, हे त्याच्या परवान्यातच लिहिलेलं असतं. ते वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा पक्का झाला आहे. ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत नाव नोंदवा आणि शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे गाणं बाहेर पडण्याआधी लिहून सह्या घ्या. घरातल्या बायांचं नाव इथंच गळतं. आजीची जात्यावरची ओवी घेतात आणि खाली नुसतं 'पारंपरिक' लिहितात. ओवी परंपरेची असेल, गळा आजीचा आहे, आणि गाणाऱ्यालाही कायद्यानं हक्क आहे. माझ्या गाण्यावर गायिका म्हणून आजीचं पूर्ण नाव आहे, आणि वाट्याच्या कागदावर तिचा अंगठा.