कोळशाची रेघ

पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा नदीच्या काठी, सारोळे नावाचे गाव आहे. तेथील काय किंवा भोर तालुक्यातील दुसऱ्या एखाद्या गावातील काय, मुलांना कोळशाचा एक उपयोग कोणी शिकवावा लागत नाही. विझलेल्या चुलीतला तुकडा उचलावा, भिंतीवर तीन उभ्या रेघा ओढाव्यात, की झाल्या क्रिकेटच्या यष्ट्या! भिंत काळी झाली म्हणून घरची माणसे रागावतात, ती गोष्ट निराळी. परंतु ही खोड फार पुरातन आहे. फ्रान्समधील शोवे नावाच्या गुहेत प्राचीन मानवाने कोळशाने रेखाटलेले घोडे व गेंडे तीस हजारांहून अधिक वर्षे टिकून आहेत.

याच काळ्या तुकड्याने महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील एका कलावंताने आपल्या मुलखाची कथा सांगितली आहे. त्यांचे नाव प्रभाकर पाचपुते. त्यांचा जन्म १९८६ सालचा. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती हे त्यांचे गाव. तेथे वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळशाचे थर आहेत. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची अरण्ये दलदलीत गाडली गेली आणि मातीच्या भाराने व भूगर्भातील उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. तो काढण्यासाठी माणसे जमिनीत उतरली. पुढे उघड्या खाणी आल्या. उघडी खाण म्हणजे वरची माती, वरचे शेत, सारेच उपसून बाजूला टाकायचे! जेथे पिके डोलत, तेथे एका बाजूस प्रचंड खड्डा आणि दुसऱ्या बाजूस मातीचे ओसाड डोंगर उभे राहिले. पाचपुते यांच्या घरातील माणसे पिढ्यानपिढ्या खाणीत राबलेली.

पाचपुते यांनी खैरागड व बडोदे येथे शिल्पकलेचे शिक्षण घेतले. दगड, धातू, माती यांची वाट मोकळी असताही त्यांनी हाती कोळसा घेतला. चित्रकाराचा कोळसा हा खाणीतला नव्हे. झाडाच्या बारीक काटक्या बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवल्या म्हणजे तो तयार होतो. तथापि दोन्ही कोळशांचे कूळ एकच. दोन्ही मुळात झाडेच. खाणकामगाराच्या हाताला जो रंग लागतो, तोच चित्र काढणाऱ्याच्या हाताला लागतो. तैलरंगाने हे साधले नसते.

२०१२ साली मुंबईतील क्लार्क हाउस येथे त्यांचे प्रदर्शन भरले. कोळशाच्या खाणीतील कॅनरी पक्षी, असे त्याचे नाव. हा चिमुकला पिवळा पक्षी ब्रिटनमधील कामगार पिंजऱ्यात घालून खाणीत नेत असत. विषारी वायू पसरला तर माणसाच्या आधी पक्षी कोसळे, आणि माणसांना पळून जाण्यास अवधी मिळे. पक्ष्याचे पुढे काय होई, हे कोण विचारतो? पाचपुते यांच्या चित्रांतील माणसेही अशीच पाहणाऱ्यास अस्वस्थ करतात. कोणाच्या डोक्याच्या जागी दिवा असतो, तर कोणाच्या डोक्याच्या जागी अवजार. जणू कामच त्या माणसाचे मस्तक होऊन बसले आहे.

पुढे ही चित्रे साओ पाउलो, इस्तंबूल अशा दूरच्या नगरांत गेली. वेल्स देशातील कार्डिफ येथे तर त्यांना एक प्रकारे सोयरेच भेटले. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतील कोळसा एके काळी याच बंदरातून जगभर जात असे. आता तेथील बहुतेक खाणी बंद पडल्या आहेत. तेथील ‘आर्टेस मुंडी’ हा पुरस्कार २०२१ साली एका कलावंताला न देता सहाही स्पर्धकांना मिळून देण्यात आला. त्या सहांत पाचपुते होते.

कोळशाने थेट भिंतीवर काढलेले चित्र मात्र विकत घेऊन घरी नेता येत नाही. बोट लागले तरी रेघ पुसट होते. प्रदर्शनाची मुदत संपली की रंगारी येतात आणि भिंतीवर पांढरा हात फिरवतात. खाणकामगार, त्यांची अवजारे, खणलेली जमीन, सारे त्या रंगाखाली जाते. पाचपुते दुसऱ्या गावी, दुसऱ्या कोऱ्या भिंतीपुढे, पुन्हा कोळसा घेऊन उभे राहतात.