मधुमेह असलेल्या मुलाला स्वयंपाक शिकवू या

मैत्रिणींनो, ‘शुगर’ म्हटलं की आपल्याला आजी-आजोबा आठवतात. पण शाळेत जाणाऱ्या मुलांनाही मधुमेह होतो. लहानपणी होणारा मधुमेह बहुतेक वेळा टाइप १ असतो. त्यात पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिन बनवायचं थांबतं. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या चुकीने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. अशा मुलाला रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं. ते बंद करून झाडपाल्याचं औषध दिलं, तर थोड्याच दिवसांत मुलाच्या जिवावर बेततं. ही गोष्ट आधी पक्की करा.

इन्सुलिन किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण ताटात काय आणि किती आहे, त्याच्याशी ते जुळावं लागतं. मूल कायम आपल्या नजरेसमोर नसतं. शाळा असते, मामाचं गाव असतं, पुढे वसतिगृह येतं. म्हणून आपण मोजून वाढत राहण्यापेक्षा त्यालाच मोजायला आणि रांधायला शिकवायचं. मुलगी असो की मुलगा, दोघांनाही.

पाठ १ : पीठ मोजा

भाकरी, पोळी, भात, पोहे, बटाटा यांत कर्बोदके जास्त असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते. गटाकडे मसाला-पापडासाठी वजनकाटा असेल तर एक दिवस घरी आणा. आपल्या एका भाकरीला किती पीठ लागतं ते मुलालाच तोलू द्या. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ३३ ते ३५ ग्रॅम. तेवढं पीठ एका वाटीत घालून खूण करा. पुढे काट्याची गरज नाही, तीच वाटी त्याचं माप. भाताचीही वाटी अशीच ठरवा.

एक लक्षात असू द्या. ज्वारी, नाचणी चांगलीच, पण ‘कितीही खा, साखर वाढत नाही’ असं मुळीच नाही. गूळ आणि मध यांनीही साखर वाढते.

पाठ २ : ताट भरा

मुलाला उपाशी ठेवू नका, त्याची वाढ व्हायची आहे. मापाच्या भाकरीसोबत डाळ किंवा उसळ, पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, ताक, जमेल तसं अंडं द्या. डाळी-उसळीतही कर्बोदके असतात, पण सोबत प्रथिनं आणि चोथा असल्यामुळे साखर सावकाश वाढते.

सहा-सात वर्षांचं मूल भाजी निवडेल, मटकी भिजवून मोड आणेल. नऊ-दहाचं कोशिंबीर, भेळ करेल. बारा-तेराचं मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मुगाचं घावन, पिठलं, भाकरी शिकेल. पहिली भाकरी वाकडी झाली तर हसू नका. वाकडी असली तरी मापाची आहे ना!

त्याचं वेगळं, ‘पेशंटचं’ जेवण करू नका. हे जेवण घरातल्या सगळ्यांनाच चांगलं. सणाला पुरणपोळी खायची असेल तर किती आणि इन्सुलिनचं काय, हे डॉक्टरांना आधी विचारा. उपवास मात्र नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्चच.

पाठ ३ : साखर उतरली तर

इन्सुलिन घेतलं आणि जेवण चुकलं, किंवा खेळणं जास्त झालं, तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, भूक लागते, मूल चिडतं, गोंधळतं. अशा वेळी साखर हेच औषध.

साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र जवळ नसेल तरी, तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. लहान मुलाला किती द्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बरं वाटल्यावर जेवायला वेळ असेल तर थोडी भाकरी खाऊ द्या.

मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि लगेच १०८ ला फोन करा.

दप्तरात साखरेची पुडी कायम हवी. ती बांधायचं काम मुलाचंच. वर्गशिक्षकांना आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्रालाही ती दाखवून ठेवा.

बैठकीत बोलू या

१. आपल्या गावात असं मूल आहे का? त्याचं इन्सुलिन वेळेवर मिळतं का? पैशांअभावी अडत असेल तर गट काय करू शकतो?

२. शाळेच्या पोषण आहारात त्याच्या वाटीचं माप कोण बघेल?

३. ‘हिला शुगर आहे, हिचं लग्न कसं होणार?’ असं कोणी म्हटलं तर आपण काय उत्तर देऊ?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या एका भाकरीचं पीठ तोलून, आकडा वहीत लिहून आणावा.