धोत्रा : शिवपूजेतील फूल व वैद्यकातील औषध

महाशिवरात्रीस श्रीशंकरास आपण धोत्र्याचे फूल व काटेरी फळ वाहतो. पेडणे व डिचोली तालुक्यांत ही वनस्पती वाटेच्या कडेस आपोआप उगवते. तिच्या पाने, फुले, बिया अशा सर्व अंगांत विष आहे; आणि त्याच विषद्रव्याने वैद्यकास एक मोलाचे औषध दिले आहे. त्याची ओळख प्रत्येक कुटुंबास असावी, असे आम्हांस वाटते.

गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली येथेच छापलेल्या औषधीग्रंथात धोत्र्याची माहिती दिली आहे. चोर तो अन्नात मिसळीत. खाणारा भान हरपून हसत सुटे व घर लुटले जाई.

पुढे १८३३ साली गायगर व हेस या जर्मन रसायनज्ञांनी धोत्र्याच्याच कुळातील बेलाडोना या वनस्पतीपासून अ‍ॅट्रोपिन वेगळे केले. आपल्या शरीरात काही मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन नामक द्रव्याच्या द्वारे ग्रंथी, आतडी व हृदय यांस आज्ञा देतात. अ‍ॅट्रोपिन ती आज्ञा पोहोचू देत नाही. त्यामुळे लाळ आटते, डोळ्याची बाहुली विस्फारते व नाडी जलद होते. म्हणूनच नेत्रतपासणीत व नाडी अतिमंद झाली असता डॉक्टर त्याचा उपयोग करितात.

त्याचा मोठा उपकार शेतकऱ्यावर आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशक अंगात भिनले म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते, तोंडास फेस येतो, छातीत स्राव भरून श्वास कोंडतो. अशा वेळी शिरेतून पुनःपुन्हा दिलेले अ‍ॅट्रोपिन प्राण वाचविते.

तथापि, यावरून विषबाधा झालेल्यास घरी धोत्र्याचा रस पाजणे प्राणघातक ठरेल. झाडागणिक, किंबहुना पानागणिक, विषाचे प्रमाण बदलते. रुग्णालयातील मात्रा मोजलेली असते. दम्यासाठी त्याच्या पानांचा धूर घेणेही टाळावे.

पूजेनंतर धोत्रा निर्माल्यातच टाकावा. प्रसादाच्या ताटात ठेवू नये, मुलांच्या हाती देऊ नये. तो हाताळल्यावर हात धुतल्यावाचून डोळ्यांस लावू नयेत. मुलाचे अंग तापून कोरडे पडले, चेहरा लाल झाला व ते असंबद्ध बरळू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या फळाचा उरलेला भाग डॉक्टरांस दाखवावा.