बोअरच्या पाण्याने चोपण होणारी काळी जमीन

खार हा कालव्याखालच्या उसाचा रोग, कोरडवाहू रानाला त्याची भीती नाही, हा समज विदर्भातला खारपाणपट्टा खोटा पाडतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेकडो गावांची काळीभोर जमीन मुळातच चोपण, म्हणजे सोडियमने घडण बिघडलेली, आहे, आणि ती कालव्याने बिघडलेली नाही. पाऊस साधारण 800 मिलिमीटर. तेवढ्याने खोल चिकण मातीतले क्षार धुऊन जात नाहीत. कोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने अडकून पडतो आणि मातीच्या कणांवर सोडियम बसतो. मग पहिल्याच सरीत ढेकळं विरतात, छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं आणि वीतभर खाली ओल नसते. पुस्तकांत विनिमययोग्य सोडियमची मर्यादा 15 टक्के दिलेली असते, पण भारी काळ्या जमिनीत 5 टक्क्यांपुढेच नुकसान सुरू होतं. क्षारांचा पांढरा थर दिसण्याची वाट पाहत बसणाऱ्याला तो कदाचित कधीच दिसणार नाही.

मध्य प्रदेशात, माळव्यातल्या धार-देवासची काळी मातीही त्याच बेसाल्टची. मोहनखेडा-सरदारपूरकडची सगळी रानं खारावली आहेत असं मुळीच नाही. पण नर्मदाकाठच्या बडवाहला क्षारपड काळ्या जमिनींसाठी संशोधन प्रक्षेत्र चालवावं लागतं, यावरून या टापूला हा प्रश्न परका नाही हे कळतं. इथला खरा धोका खोल बोअरचा. पाण्याची विद्युत वाहकता मीटरला 1.5 डेसिसायमन असली, तर लिटरमागे सुमारे एक ग्रॅम क्षार येतो. गव्हाला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटर पाणी, म्हणजेच जवळजवळ पाचशे किलो क्षार. पाच पाळ्यांत अडीच टन! त्यातला किती निचऱ्याने जातो हे जमिनीवर आणि पुढच्या पावसावर अवलंबून. पाणी सोडियम बायकार्बोनेटचं असेल तर चवीला ते गोडही लागतं, म्हणून घोटभर पिऊन दिलेला निवाडा इथे कामाचा नाही. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेलं, तर ते पाणी तसंच शेताला देऊ नये. ठिबकने पाणी वाचतं हे खरं, पण क्षार गाळला जात नाही. ओल्या गोळ्याच्या कडेला तो साचतच राहतो.

औषध म्हणून जिप्सम सांगितलं जातं, आणि बरोबरच सांगितलं जातं: त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकतो. मात्र हुसकलेला सोडियम मुळांखाली वाहून न्यायला गोडं पाणी लागतं. खाऱ्या बोअरच्या भरवशावर टाकलेलं जिप्सम म्हणजे बहुतांशी पाण्यात घातलेला पैसा. म्हणून ते माती परीक्षणाप्रमाणे, मे महिन्यात, वरच्या वीतभर थरात मिसळावं आणि पावसाचं पाणी रानातच मुरवावं: उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, शेताच्या तळाशी निचऱ्याचा चर. शेणखत पुरेसं नाही का? घडण सुधारायला त्याची मदत मोठी, धैंचाचं हिरवळीचं पीक फुलोऱ्याआधी गाडलं तर अधिकच. पण सोडियमची जागा घेण्याइतका कॅल्शियम त्यात नसतो.

आणि हे गोडं पाणी साठवायला शेततळं. जमीन जाते, ही तक्रार रास्त आहे. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं तळं नऊ गुंठे खातं. पण त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. बाष्पीभवन वजा जाता दोन-तीन हेक्टरला एक संरक्षित पाळी मिळते, तीही जवळजवळ बिनक्षाराची. देवासात 2006 पासून कलेक्टर उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने ‘रेवासागर’ तळी झाली ती पाणीटंचाईवर उतारा म्हणून. खाऱ्या बोअरवरचा भार कमी करण्याचंही काम तसंच तळं करतं. खारपाणपट्ट्यात तर चोपणाचा दोषच कामी येतो: पाणी मुरत नाही, म्हणून बऱ्याच तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तरही लागत नाही. माळव्यात मात्र खोदताना मुरूम लागला तर अस्तराशिवाय भागणार नाही.

रान मोकळं असतानाच तपासणी उरकावी. सुकं ढेकूळ साठवलेल्या पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात, न हलवता, रात्रभर ठेवा. भोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा संशय धरावा. निव्वळ फुटून खाली बसलं तर तेवढी काळजी नको. प्रयोगशाळेसाठी बोअरचं पाणी मोटार अर्धा तास चालल्यावरच स्वच्छ बाटलीत भरा, आणि मातीचा नमुना वरच्या थराबरोबर दोन फुटांखालचाही वेगळा द्या.