मल्टिपल स्क्लेरॉसिस : आजार समजून घ्या, उपचार पारखून घ्या



तथागतांनी चार आर्यसत्यांची मांडणी एखाद्या कुशल वैद्याप्रमाणे केली, असे अभ्यासक सांगतात. दुःख आहे हे मान्य करा, त्याचे कारण शोधा, ते थांबू शकते हे जाणा आणि मग मार्गाने चला. घरात आजार आला की मात्र आपण हा क्रम मोडतो. आधी मिळेल त्या मार्गाला लागतो आणि कारण शेवटी विचारतो. आमच्या घरी तसेच झाले, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची पुतणी २६ वर्षांची असताना तिला एका डोळ्याने अंधुक दिसू लागले. डोळा हलविला की दुखे. चष्मा बदलला. काही आठवड्यांत आपोआप बरे वाटले आणि आम्ही ते विसरलो. वर्षभराने पायांत मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. कोणी अशक्तपणा म्हटले, कोणी लग्नाची काळजी म्हटले. एका नातेवाइकांनी अंगारा आणून दिला. धम्म स्वीकारलेल्या घरात अंगारा आला आणि आम्ही तो नाकारला नाही, याची आजही लाज वाटते. अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी एम.आर.आय. करविला आणि आजाराचे नाव कळले : मल्टिपल स्क्लेरॉसिस.

आजाराचे स्वरूप

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच या आजारात चुकून मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील या आवरणावर हल्ला करते. मग संदेश अडखळतात. जेथे हल्ला, तेथील काम बिघडते. म्हणून एकाला दृष्टिदोष, दुसऱ्याला हातापायांत बधिरपणा, तिसऱ्याला लघवीवर ताबा न राहणे, तर अनेकांना कमालीचा थकवा येतो. उष्णतेने त्रास तात्पुरता वाढतो.

पॅरिसचे डॉ. शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे स्पष्ट वर्णन केले. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. बहुसंख्य रुग्णांत तो झटक्यांनी येतो व मध्ये उतार पडतो. काहींमध्ये पहिल्यापासूनच हळूहळू वाढत जातो. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने तो होत नाही आणि तो कोणाच्या कर्माची शिक्षाही नाही. एपस्टीन-बार नावाच्या विषाणूशी त्याचा जवळचा संबंध असल्याचे २०२२ साली अमेरिकन सैनिकांच्या मोठ्या पाहणीत दिसून आले. परंतु तो विषाणू बहुतेक सर्व माणसांना कधी ना कधी होऊन जातो आणि आजार फार थोड्यांना होतो. म्हणजे कारण एकच नाही. धूम्रपानाने मात्र धोका वाढतो, हे निश्चित.

निदान पक्के हवे

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग आणि एन.एम.ओ. नावाचा वेगळा विकार यांची लक्षणे अशीच दिसू शकतात. एन.एम.ओ.मध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिसची काही औषधे उलट अपाय करतात. त्यामुळे एम.आर.आय., रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास पाठीतील पाण्याची तपासणी यांत काटकसर करू नये.

उपचारांची तीन खाती

आमचे आयुष्य खातेवहीत गेले, म्हणून उपचारांचीही आम्ही तीन खाती पाडली.

पहिले खाते झटक्याचे. त्यात सलाईनमधून तीन ते पाच दिवस स्टेरॉईड देतात. त्याने झटका लवकर ओसरतो, पण आजाराची पुढची वाटचाल बदलत नाही.

दुसरे खाते पुढचे झटके रोखणाऱ्या औषधांचे. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटाला मान्यता मिळाली आणि हे दार उघडले. आज इंजेक्शने आहेत, गोळ्या आहेत आणि काही महिन्यांनी सलाईनमधून द्यायची औषधेही आहेत. साधारणपणे औषध जितके जोरदार, तितकी जंतुसंसर्गाची दक्षता अधिक. रिटुक्सिमॅब हे मूळचे कर्करोगाचे औषध तुलनेने स्वस्त पडते म्हणून आपल्याकडे अनेक तज्ज्ञ वापरतात. ते देण्यापूर्वी कावीळ-बी व क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

तिसरे खाते रोजच्या त्रासाचे : व्यायाम, फिजिओथेरपी, स्नायूंचा ताठरपणा व लघवीचा त्रास यांवरील औषधे, विश्रांती आणि मनाचा आधार.

येथे आमची मोठी चूक झाली. औषधाने वर्षभर झटका आला नाही. पुतणी म्हणाली, “काका, मी बरी आहे, एवढा खर्च कशाला?” आम्हीही मान डोलावली आणि डॉक्टरांना न विचारता औषध बंद केले. सात महिन्यांनी असा झटका आला की डावा पाय पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. बरे वाटणे म्हणजे आजार थांबणे नव्हे, हे आम्ही फार महाग शिकलो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. निदान कोणत्या पुराव्यावर आहे?
२. या औषधाने काय साधेल आणि काय साधणार नाही?
३. धोके कोणते, तपासण्या कोणत्या व किती दिवसांनी?
४. पुढे मूल हवे असल्यास हे औषध चालेल काय?
५. खर्च वर्षानुवर्षे झेपेल काय? नसेल तर दुसरा पर्याय कोणता?

“हमखास मुळापासून बरा करू” असे म्हणणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारावेत. हा आजार समूळ घालविणारा उपाय अद्याप नाही. केवळ परंपरा आहे किंवा कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण दवाखान्याच्या दारातही तितकीच खरी आहे.

समाजाचे कर्तव्य

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास राखीव जागांसारख्या सवलती मिळू शकतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून रुग्णांसाठी काम करीत आहे. तिच्याशी संपर्क साधावा.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि त्याची सेवा न करणाऱ्या इतर भिक्खूंना कर्तव्याची जाणीव दिली, ही कथा विनयपिटकात आहे. आपल्या विहारात पायऱ्यांलगत एक उतार व कठडा आणि मागे बसायला दोन खुर्च्या एवढे केले, तरी एखादी मुलगी वंदनेला पुन्हा येऊ शकेल. आमची पुतणी आज काठी घेऊन नोकरीला जाते. तिला दया नको आहे, वाट हवी आहे. ती करून देणे आपल्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!