केमोनंतर घरात काय जपावे?

प्रश्न : सासूबाईंची केमो नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात सुरू आहे. जाऊबाई गरोदर आहेत. सासूबाईंचं ताट-वाटी वेगळं ठेवावं का?
– एक वाचक, झरी जामणी

उत्तर : ताई, कर्करोग संसर्गजन्य नाही. एकत्र जेवा, जवळ बसा. भांडी साबणाने नीट घासली की पुरे. जपायचं ते औषधापासून. केमोनंतर साधारण 48 तास ते लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतं. तेवढे दिवस संडासात दोनदा भरपूर पाणी ओता. उलटीचं घमेलं, माखलेली चादर हातमोजे घालूनच हाताळा; कपडे वेगळे, दोनदा धुवा, नाल्यावर नेऊ नका. हे काम जाऊबाईंना देऊ नका. केमोच्या गोळ्या असतील तर कुटू नका, कॅप्सूल फोडू नका.

खरा धोका सासूबाईंनाच. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात. सर्दी-खोकल्याचे पाहुणे टाळा, पाणी उकळून द्या. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला किंवा हुडहुडी भरली, तर घरची तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालयाला फोन करून निघा. नागपूर लांब आहे, म्हणून गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा.