आरोग्याचा पाठ : अपेंडिक्स गोळ्यांनी बरं होतं का?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली. बचत, परतफेड सगळं लिहून झालं, सतरंजी गुंडाळायला घेतली, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मॅडम, कोरोनापासून अपेंडिक्सचं ऑपरेशन करत नाहीत म्हणे. गोळ्यांनीच बरं होतं." विचारलं तर कळलं, त्यांच्या मुलाच्या पोटात दोन दिवसांपासून दुखत होतं आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चालू होत्या. त्याला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत निघाला मुतखडा! म्हणजे अपेंडिक्स नव्हतंच. पण ते असतं आणि तो गोळ्या खात घरी बसला असता तर? म्हणून हा पाठ.

ताईंनी ऐकलेलं अगदीच खोटं नाही. मार्च 2020 मध्ये कोरोना पसरला तेव्हा इंग्लंडमधल्या सर्जन लोकांच्या संस्थांनी सांगितलं की शक्य असेल तिथे अपेंडिक्सच्या पेशंटला ऑपरेशनऐवजी अँटिबायोटिक देऊन बघा. त्याच वर्षी अमेरिकेत 1552 मोठ्या माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं. औषध दिलेल्या दहांपैकी साधारण सात जणांना पहिले तीन महिने ऑपरेशन लागलं नाही. पण तिघांना लागलंच. अपेंडिक्समध्ये खडा होता त्यांच्यात तर दहांपैकी चौघांना लागलं. पुढे तीन-चार वर्षांत हा आकडा जवळजवळ निम्म्यावर गेला.

आता यातली जी गोष्ट गावापर्यंत पोचलीच नाही ती सांगते. त्या सगळ्या पेशंटना आधी डॉक्टरांनी तपासलं होतं. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून अपेंडिक्सच आहे याची खात्री केली होती. सुरुवातीचं औषध शिरेतून दिलं होतं आणि दुखणं वाढलं तर ऑपरेशनची सोय हाताशी होती. मेडिकलवाल्याने दिलेली पाकिटातली गोळी म्हणजे ती ट्रीटमेंट नव्हे. औषध की ऑपरेशन, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात, आपण ओट्यावर बसून नाही.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटात उजवीकडे खाली लोंबणारी करंगळीएवढी नळी. तिचं तोंड घट्ट झालेल्या शौचाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झालं की आत जंतू वाढतात, नळी फुगते. वेळेत उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांतही फुटू शकते. मग पू पोटभर पसरतो आणि जिवावर बेततं.

दुखणं बहुतेक वेळा बेंबीभोवती सुरू होतं. तेव्हा आपण म्हणतो वायगोळा उठला, काहीतरी खाल्लं असेल. काही तासांनी ते उजवीकडे खाली सरकतं आणि तिथेच बसतं. जेवण नको वाटतं, मळमळतं, उलटी होते, थोडा ताप येतो. खोकलं, पाय आपटून चाललं तरी कळ येते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये एक गमतीचा अभ्यास छापला होता. दवाखान्यात येताना गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा दुखलं का, एवढंच पेशंटना विचारलं. ज्यांना खरंच अपेंडिक्स निघालं त्या 34 जणांपैकी 33 जणांनी हो म्हटलं. (आपल्या रस्त्यांवर गतिरोधकाची गरजच नाही, खड्डे पुरेसे आहेत.) मात्र इतर दुखण्यांतही धक्क्याने दुखतं, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही.

आपल्या बायकांचा घोटाळा वेगळाच. ओटीपोट दुखलं की "पाळीचं असेल" म्हणून आपणच गप्प बसतो. पण पाळी चुकलेली असेल आणि एका बाजूला जोरात दुखत असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेही तितकंच धोक्याचं आहे. गरोदरपणात अपेंडिक्स वर सरकतं, तेव्हा दुखणं थोडं वरही असतं. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांत ही लक्षणं नीट दिसतीलच असं नाही.

अशा वेळी पोट चोळू नका, बेंबी बसवायला नेऊ नका, एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका, शेकू नका. दवाखान्यात पोचेपर्यंत काही खायला देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं बरं. आणि खूप दुखत असताना एकदम आराम पडला तर खूश होऊ नका. कधी कधी ती नळी फुटल्याची खूण असते, नंतर सगळं पोट कडक होऊन दुखतं.

माझ्या आत्याचं असंच झालं. लॉकडाऊनमध्ये मी घरीच होते. आत्याला ताप होता, पण "दवाखान्यात नेलं की कोरोना म्हणून ठेवून घेतील" या भीतीने घरात कोणी तोंड उघडलं नाही. ओवा झाला, हिंग झाला, शेक झाला. चौथ्या दिवशी ती उठेना, तेव्हा शेजाऱ्यांच्या पिकअपमधून नेलं. अपेंडिक्स फुटलेलं होतं. आत्या वाचली, पण तीन आठवडे दवाखान्यात गेले आणि दोन तोळे मोडले. पहिल्या दिवशी गेलो असतो तर दोन-तीन दिवसांत घरी आली असती. मी तेव्हा समाजकार्याचं शिकत होते आणि घरात गप्प बसले, हे अजून टोचतं.

रात्री-अपरात्री अडतं ते गाडी आणि पैशावर. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, नंबर भिंतीवर लिहा. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. गटाचे पैसे बँकेत असतात, मग रात्री दोन वाजता कोणाच्या हातात किती असतील? ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून आजारपणासाठी लगेच रक्कम द्यायची तर सही कोणाची लागेल? पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या आणि जे ठरेल ते ठराव वहीत लिहा. गावातल्या एका गाडीवाल्या दादांचा नंबरही त्याच पानावर असू द्या.